हाय-रेझ ऑडिओचा फरक घरच्या घरी कसा तपासायचा

नागपुरात ही चाचणी करायची तर आधी महिना आणि वेळ बघावी लागते. मे महिन्यात भर दुपारी, खिडकीत डेझर्ट कूलर घरघरत असताना कुठल्याच फाइलचा कस लागत नाही. मोठा पंखा, पॅडवरून गळणारं पाणी आणि पंपाची गुणगुण मिळून खोलीत ६० डेसिबलच्या आसपास आवाज सहज होतो. त्याखाली साधी एमपी३ काय आणि स्टुडिओतली मूळ फाइल काय, दोन्ही सारख्याच दबतात. हिवाळ्यातली रात्र, अकरानंतरची, पंखासुद्धा बंद, ही या कामाची खरी वेळ. उन्हाळ्यातच करायची असेल तर पहाटे पाचच्या सुमारास अर्धा तास कूलर बंद ठेवा, तेवढ्यात काम होतं.

नवे हेडफोन घेतलेत, अ‍ॅपमध्ये ‘लॉसलेस’ (काहीही न गाळता दाबलेलं) आणि ‘हाय-रेझ लॉसलेस’ (तेच, पण सीडीपेक्षा बारीक मोजमापाचं) असे पर्याय दिसतात, आणि जास्तीचा डेटा व पैसा त्यावर घालावा का हे कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. कमी बिटरेटची, म्हणजे सेकंदाला कमी डेटात बसवलेली, एमपी३ आणि सीडी दर्जा यांतला फरक बहुतेकांना कळतो. सीडी दर्जा आणि त्यापुढचं हाय-रेझ यांतला फरक, चाचणी नीट घेतली तर, जवळजवळ कोणालाच कळत नाही. आणि एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या मास्टरिंगमधला, म्हणजे गाणं बाजारात जाण्याआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हातातला, फरक तर कोणालाही कळतो. बाजारात ‘हाय-रेझ चांगलं वाजतं’ म्हणून जे ऐकू येतं, ते बहुतेक वेळा हेच असतं. पण हे आमच्या शब्दावर मानू नका. एक संध्याकाळ, एक लॅपटॉप आणि तारेचा हेडफोन एवढ्यावर तुम्ही स्वतः पडताळू शकता.

आकडे काय सांगतात

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ठरावीक वेळा मोजून लिहून ठेवतात. किती वेळा मोजली तो सॅम्पल रेट. प्रत्येक माप किती बारीक पट्टीने घेतलं ती बिट डेप्थ. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० मापं असतात, प्रत्येक १६ बिटांचं. हा आकडा आला कुठून? तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, त्यामुळे टीव्हीच्या दोन्ही पद्धतींत बसेल असा आकडा हवा होता. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, ओळीत ३ मापं. आपल्या दूरदर्शनने वापरली त्या पाल पद्धतीत ५० फील्ड, २९४ ओळी, ३ मापं. दोन्हीकडे गुणाकार करून बघा, ४४,१०० च येतात.

याच्या वर जे काही आहे ते हाय-रेझ: २४ बिट, आणि ४८, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी हजार मापं. हेडफोनच्या खोक्यावर जे सोनेरी ‘हाय-रेझ ऑडिओ’ चिन्ह दिसतं ते जपान ऑडिओ सोसायटीचं. त्यासाठी हेडफोन ४० किलोहर्ट्झपर्यंत (इथे सेकंदाला ४० हजार कंपनं) वाजावा लागतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि पन्नाशीत बहुतेकांची मजल बारा-चौदाच्या आसपास थांबते. म्हणजे ते चिन्ह हेडफोन किती उंच जातो एवढंच सांगतं. कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तो कसा वाजतो, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अडतं. जाहिरातींमध्ये सीडीची लहर पायऱ्यापायऱ्यांची आणि हाय-रेझची गुळगुळीत दाखवतात. ते चित्र चुकीचं आहे. सॅम्पल रेटच्या निम्म्यापेक्षा खालचा प्रत्येक सूर मापांवरून पूर्ण, अखंड उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. डॅकमधून, म्हणजे डिजिटलचा आवाज करणाऱ्या चिपमधून, बाहेर येणारी लहर दोन्हीकडे गुळगुळीतच असते. ९६ किलोहर्ट्झमुळे भर पडते ती फक्त २२ ते ४८ किलोहर्ट्झच्या पट्ट्याची. तबल्याच्या थापेची वेळ दोन मापांच्या मधे पडली तर ती हुकते, हेही खरं नाही. ती वेळ दोन मापांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी बारीक पकडली जाते.

आता बिट. प्रत्येक बिटामागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४. हे डेसिबल म्हणजे सर्वांत मोठा आवाज आणि फाइलचा स्वतःचा ‘श्श’ यांतलं अंतर. खोलीवर लावून बघा. गाण्यातला सर्वांत मोठा क्षण तुमच्या कानाशी १०० डेसिबल असेल (हे खूप मोठं झालं), तर १६ बिटांचा ‘श्श’ ४ डेसिबलवर येतो. धरमपेठेतल्या आतल्या गल्लीतल्या खोलीतही रात्री २५-३० डेसिबलचा आवाज असतोच. म्हणजे १६ बिटांची तळरेघ खोलीच्या शांततेच्याही खूप खाली दबलेली असते. २४ बिटांचा पूर्ण १४४ डेसिबलचा पल्ला तर उत्तम डॅकनाही गाठता येत नाही.

पायरी १: खोली आणि कान

पंखा, कूलर, इन्व्हर्टरची गुणगुण, फ्रिजचा कॉम्प्रेसर, सगळं ऐकून घ्या आणि शक्य ते बंद करा. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप तंतोतंत नसतं, पण कूलर चालू असताना आणि बंद केल्यावर आकडा किती पडतो हे दाखवायला पुरतं.

मग स्वतःचे कान. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, पुढेही लागणार आहे. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ९६,००० ठेवा आणि ‘जनरेट’ मेनूतल्या ‘टोन’ने १०,००० हर्ट्झचा साइन सूर तयार करा, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.१. आवाज आरामात ऐकू येईल एवढा लावा आणि त्या बटणाला परत हात लावू नका. मग १२,०००, १४,०००, १६,००० असं चढत जा. जिथे ऐकू येणं थांबलं तिथे थांबा. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे १७,००० ऐकू आला नाही म्हणून आवाज वाढवणं. सूर ऐकू येत नसला तरी कानावर त्याचा दाब पूर्ण पडत असतो, आणि त्यातून इजा होऊ शकते.

पायरी २: वायर लावा, ब्लूटूथ सोडा

ब्लूटूथवर ही चाचणी होत नाही. आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतींपैकी (कोडेक) साधा एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके हजार बिट) जातो, एलडॅक जास्तीत जास्त ९९०. सीडीचा मूळ प्रवाह १,४११ केबीपीएस आहे. म्हणजे फाइल कुठलीही असो, हेडफोनपर्यंत पोचता पोचता ती पुन्हा दाबली जाते. आयफोन तर ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी एवढंच पाठवतो, एलडॅक नाही. ‘हाय-रेझ लॉसलेस’ चालू करून वायरलेस इयरबडवर ऐकणाऱ्याचा डेटा खर्च होतो आणि कानाशी पोचतं दाबलेलंच.

तेव्हा वायरचा हेडफोन. लॅपटॉपचा जॅक खरखरत असेल तर यूएसबी डॅक डोंगल घ्या. हजार-दोन हजारांत मिळणारी बरीचशी डोंगल या कामाला पुरेशी असतात, मात्र ती ९६ किलोहर्ट्झ घेतात का ते आधी बघून घ्या. काही फक्त ४८ पर्यंत जातात.

विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या उपकरणाचा फॉरमॅट ‘२४ बिट, ९६००० हर्ट्झ’ करा आणि ‘एन्हान्समेंट’ बंद करा. हे राहिलं तर विंडोज सगळंच आपल्या ठरलेल्या दराला, बहुतेकदा ४८,००० ला, बदलून वाजवतं, आणि तुम्ही ४८ ची ४८ शी तुलना करत बसता. अँड्रॉइड फोनमध्येही नेहमीच्या अ‍ॅपमधून असंच होतं, म्हणून फोनपेक्षा लॅपटॉप सोपा.

हेडफोनमध्ये सतत ‘हम्म’ असा जाड सूर येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. सूर गेला, तर दोष चार्जरच्या किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे. जुन्या वाड्यांत, महाल-इतवारीकडच्या घरांत तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नाही असं आढळतं. तसं असेल तर गाण्यासाठी नाही, तर जिवासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पायरी ३: फाइल खरंच हाय-रेझ आहे का

नव्या माणसाची सर्वांत मोठी फसगत इथे होते. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल कोणीही दोन मिनिटांत ९६ ची करू शकतो. नावात ‘२४-९६’ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) येतं, वजन वाढतं, आत नवीन काहीच नसतं.

फाइल ऑडॅसिटीत उघडा, ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतून ‘स्पेक्ट्रोग्राम’, म्हणजे कुठल्या उंचीचे सूर किती आहेत ते रंगांत दाखवणारं चित्र, निवडा. पण थांबा: स्पेक्ट्रोग्रामची वरची मर्यादा मुळात २०,००० च्या आसपास लावलेली असते, त्यामुळे तुम्हाला हवा तो भाग दिसतच नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्स फ्रिक्वेन्सी’ ४८,००० करा. मग बघा.

रंग २२ किलोहर्ट्झला कात्रीने कापल्यासारखे थांबले, तर मूळ सीडी दर्जाचं आहे. २४ ला थांबले, तर मूळ ४८ चं. २० ला सरळ कापलेले दिसले, तर एखादी ३२० केबीपीएसची एमपी३ फुगवलेली असण्याची दाट शक्यता. १६ च्या आसपास भिंत दिसली, तर १२८ ची. खऱ्या ९६ च्या फाइलमध्ये रंग वर जाताना हळूहळू विरतात, आणि टाळ-झांजेच्या प्रत्येक आघाताला २० च्या वर उभी रेघ उमटते. गाताना नुसता आवाज आणि तानपुरा असेल तर वर फारसं काही दिसणार नाही, ते स्वाभाविक आहे. जुन्या स्टुडिओ रेकॉर्डिंगमध्ये कधी कधी १५,६२५ हर्ट्झला एक बारीक, सरळ, न हलणारी रेघ दिसते. ती स्टुडिओतल्या पाल पद्धतीच्या टीव्ही मॉनिटरची शिट्टी आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी माइकने टिपलेली. एकदा ती ओळखायला शिकलात की पुन्हा पुन्हा भेटते.

जुन्या संगीताबद्दल इथे थोडं जास्त सांगायला हवं, कारण नागपुरात ऐकणारे त्यावर जीव टाकतात. डॉ. वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले, सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्या नावाचं. त्यांचं निधन १९८३ मध्ये झालं, म्हणजे त्यांच्या जवळजवळ सगळ्या ध्वनिमुद्रणांचा मूळ स्रोत अ‍ॅनालॉग टेप. त्या काळच्या टेपमध्ये मोठा आवाज आणि टेपचा ‘श्श’ यांत साधारण ६० ते ७० डेसिबलचं अंतर. ते १६ बिटांच्या ९६ मध्ये मोकळेपणाने मावतं. अशा मैफिलीची १९२ किलोहर्ट्झची फाइल घेतलीत तर वरच्या पट्ट्यात टेपचा ‘श्श’च जास्त मिळेल. तिथे बघायचं ते एवढंच की टेप मूळ होती की प्रतीची प्रत, यंत्राचं हेड साफ आणि सरळ होतं का, वेग बरोबर होता का, आणि ‘श्श’ घालवण्याच्या नादात कोणी तानेची धार बोथट करून ठेवली नाही ना. चांगल्या हाताने उतरवलेली १६ बिटांची प्रत वाईट हाताने उतरवलेल्या २४ बिटांपेक्षा शंभर पटीने बरी.

पायरी ४: तुलनेची प्रत स्वतः बनवा

नियम एकच, पण कडक. दुकानातून किंवा अ‍ॅपवरून घेतलेली हाय-रेझ आवृत्ती आणि तिथलीच सीडी आवृत्ती यांची तुलना करायची नाही. त्यांचं मास्टरिंग वेगळं असू शकतं, आणि मग तुम्ही फॉरमॅटची नाही, इंजिनिअरच्या आवडीनिवडीची परीक्षा घेता. दोन्ही फाइली एकाच मुळातून काढायच्या.

खऱ्या ९६/२४ फाइलमधला २०-३० सेकंदांचा तुकडा निवडा, ज्यात टाळ, घुंगरू किंवा झांज आहे आणि कुठेतरी आवाज अगदी हळू होतो. बाकीचं कापून टाका. ‘अ‍ॅम्प्लिफाय’ने आवाज ३ डेसिबलने कमी करा. ही पायरी वगळू नका: लहर काठोकाठ भरलेली असेल तर दर बदलताना तिची टोकं वर जाऊन कापली जातात, आणि तो कापल्याचा कडकडाट तुम्ही ‘सीडीचा कोरडेपणा’ समजाल.

हा तुकडा फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये, एक्स्पोर्ट करा, ९६,००० आणि २४ बिट. नाव ‘मूळ’. आता तोच तुकडा पुन्हा एक्स्पोर्ट करा, ४४,१०० आणि १६ बिट. नाव ‘मधली’. त्याआधी प्रेफरन्सेसमधल्या ‘क्वालिटी’त डिदर ‘शेप्ड’ आहे ना, हे बघा. मुळात तो तसाच असतो. डिदर म्हणजे २४ चे १६ बिट करताना मुद्दाम मिसळलेला अगदी बारीक ‘श्श’, ज्यामुळे हळू आवाजाच्या कडा खरखरत नाहीत. तो ‘नन’ केलात तर १६ बिटांना विनाकारण दोष लागेल.

शेवटी ‘मधली’ नव्या प्रोजेक्टमध्ये उघडून ९६,००० आणि २४ बिटांत परत एक्स्पोर्ट करा. नाव ‘प्रत’. हा उलटा प्रवास कशाला, तर ४४.१ वरून ९६ वर जाताना बरेच डॅक क्षणभर गप्प होतात किंवा ‘टक्’ करतात. त्या ‘टक्’वरून कान ओळखतो आणि मनाला वाटतं की गुणवत्ता कळली. आता ‘मूळ’ आणि ‘प्रत’ दोन्ही डॅकला सारख्याच दिसतात. फरक उरतो तो फक्त सीडी दर्जाच्या गाळणीतून जाताना जे गळलं असेल तेवढा.

गळलेलं डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन्ही फाइली एकाखाली एक आणा, एकीवर ‘इन्व्हर्ट’ लावा आणि दोन्ही मिसळून एक करा. जे सारखं ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरलेल्याच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये २२ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा दिसेल आणि खाली डिदरचा फिका थर, जो शेप्ड असल्याने वरच्या बाजूला थोडा दाट असतो. सूर, बोल, ठेका यातलं काहीच उरलेलं नसतं. हेडफोनवर नेहमीच्या आवाजात लावलंत तर शांतता. आवाज पूर्ण चढवून ऐकायचा मोह टाळा. त्याच बटणावर चुकून ‘मूळ’ वाजलं तर कान बसतील.

पायरी ५: न बघता ओळखा

विंडोजवर फूबार२००० हा मोफत प्लेअर आणि त्याचा एबीएक्स कम्पॅरेटर हा जोड घ्या. प्रेफरन्सेसमध्ये ‘कम्पोनंट्स’, तिथे ‘इन्स्टॉल’, फाइल निवडा, प्लेअर पुन्हा सुरू करा. दोन्ही तुकडे यादीत आणून निवडा, उजवी क्लिक, ‘युटिलिटीज’, आणि तिथे एबीएक्सचा पर्याय. खिडकीत ए आणि बी माहीत असलेले, एक्स लपवलेला. एक्स हा ए आहे की बी, एवढंच सांगायचं. हवं तितक्या वेळा उलटसुलट ऐका. पाच-दहा सेकंदांचे छोटे तुकडे घेऊन ऐका, लांब तुकड्यात कानाची आठवण टिकत नाही.

फेऱ्या १६, हे आधीच ठरवा. मधेच आठपैकी सहा बरोबर आले म्हणून थांबलात तर ती चाचणी राहत नाही. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तरच काही ऐकू येतंय असं धरा. नुसत्या अंदाजाने एवढे बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के, म्हणजे साधारण २६ वेळांत एकदा. आठ-नऊ बरोबर म्हणजे नाणं उडवल्यासारखं.

विंडोज नसेल तर घरातल्या कोणाला तरी बसवा. त्यांनी दर फेरीला नाणं उडवून काय वाजवायचं ते ठरवावं आणि कागदावर लिहावं. तुम्ही पाठमोरे बसावं आणि त्यांनी एक शब्द बोलू नये. चेहऱ्यावरून, श्वासावरूनसुद्धा उत्तर फुटतं.

सुरुवात थेट हाय-रेझपासून करू नका. त्याच तुकड्याची आधी ९६ केबीपीएसची एमपी३ बनवा आणि ‘मूळ’शी ताडून बघा. इथे सोळाच्या सोळा यायला हवेत. नाही आले तर काहीतरी जोडणीत चुकलंय किंवा तुम्ही अजून काय ऐकायचं ते शिकला नाहीत. ऐकायचं ते हे: टाळांचा झणकार चुरचुरीत होतो, तानपुऱ्याची आस पाण्याखालून आल्यासारखी हलते, आणि चिपळीच्या आघाताच्या किंचित आधीच एक फुसका आवाज येतो. मग १२८, मग ३२०, आणि शेवटी ‘प्रत’. जिथे तुमचा गुण बारावरून खाली येतो ती तुमच्या कानांची, तुमच्या हेडफोनवरची हद्द. हा शोध हाय-रेझच्या उत्तरापेक्षा जास्त उपयोगी आहे.

पायरी ६: बारा आलेच, तर

अभिनंदन करण्याआधी तीन गोष्टी. दोन्हींचा आवाज समान आहे का बघा. अर्ध्या डेसिबलचा फरकही ‘जास्त मोठा’ असा न वाटता ‘जास्त स्वच्छ’ असा भासतो. फाइल बदलताना ‘टक्’ होत नाही ना ते तपासा. आणि तिसरी, जिकडे क्वचितच कोणी बघतं: तुमचं यंत्रच ऐकू न येणाऱ्या सुरांचा ऐकू येणारा कचरा बनवत असेल. ऑडॅसिटीत ९६,००० च्या प्रोजेक्टमध्ये दोन ट्रॅक करा, एकात ३०,००० हर्ट्झ, दुसऱ्यात ३३,०००, दोन्हींची अ‍ॅम्प्लिट्यूड ०.३. आवाज तळापासून सुरू करून फक्त नेहमीच्या पातळीपर्यंत न्या. काहीच ऐकू यायला नको. बारीक शिट्टी ऐकू आली तर ती ३,००० हर्ट्झची, दोन्हींतल्या फरकाची शिट्टी आहे. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा हेडफोन ती तयार करतो आहे. अशा यंत्रावर हाय-रेझ फाइल ‘वेगळी’ वाजते हे खरं, पण खराब होऊन.

हे सगळं करूनही बारा आले, तर तुमचे कान दुर्मिळ आहेत. मेयर आणि मोरान या अमेरिकी अभ्यासकांच्या २००७ मधल्या अशाच, न बघता ओळखायच्या चाचण्यांत ५५४ फेऱ्यांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निम्मी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांतल्या १२,५०० हून अधिक फेऱ्या एकत्र करून बघितल्या. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के, आणि खास सराव दिलेल्यांत त्याहून बरीच जास्त. म्हणजे फरक शून्य आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एवढा सराव करून, शांत खोलीत, छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकूनच जो कळतो, त्यावर पैसे टाकायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुकानात आणि रस्त्यावर

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, डेमो घ्यायला जाल तेव्हा व्हेरायटी चौकातली वाहतूक दुकानात आलेली असते, हे ध्यानात ठेवा. एक वस्तू एका गाण्यावर, दुसरी दुसऱ्या गाण्यावर ऐकू नका. स्वतःच्या ओळखीच्या दोन फाइली फोनमध्ये घेऊन जा आणि दोन्ही हेडफोन सारख्याच आवाजात लावून मागा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो.

खापरीहून मेट्रोने येताना हाय-रेझ चालू ठेवण्यात अर्थ नाही. २५६ केबीपीएसला तासाला ११५ एमबी लागतात. सीडी दर्जाला न दाबता ६३५ एमबी, ९६/२४ ला जवळपास २ जीबी. फ्लॅकमध्ये हे आकडे साधारण अर्धे ते दोन तृतीयांश होतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ९६/२४ चं गणित दुपारपर्यंतच संपतं. अ‍ॅपमध्ये मोबाइल डेटावर साधा दर्जा, वायफायवर लॉसलेस असं वेगवेगळं लावता येतं, तसं लावून ठेवा.

पैसा टाकायचाच तर आधी हेडफोनवर, आणि इयरफोन असेल तर त्याच्या रबरी टोप्यांवर. टोपी सैल बसली की खर्ज गळून जातो, आणि तो फरक कुठल्याही फॉरमॅटच्या फरकाहून मोठा असतो. स्पीकर असतील तर खोलीवर. आपल्या घरांत टाइल्सची फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती; मध्ये उभं राहून टाळी वाजवा, ‘टर्र’ असा पाठलाग ऐकू येईल. जाड सतरंजी, एखादी गादी भिंतीला, पुस्तकांचं कपाट, एवढ्याने तो पाठलाग विरतो. स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून निदान फूटभर पुढे, आणि तुम्ही व दोन्ही स्पीकर मिळून समभुज त्रिकोण.

रेकॉर्डिंग करत असाल तर

इथे मात्र २४ बिट घ्याच. ऐकताना जे जास्तीचे बिट वाया जातात, तेच रेकॉर्डिंग करताना जीव वाचवतात. गायक तानेत कधी किती चढेल हे आधी कळत नाही, म्हणून पातळी खाली ठेवावी लागते, आणि नंतर ती वर आणताना १६ बिटांत तळाचा ‘श्श’ही वर येतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरेसं आहे. पातळी तानपुऱ्यावर किंवा सावकाश आलापीवर लावू नका. गायकाला तार षड्जावर खुल्या आवाजात एक तान घ्यायला सांगा, सम जोरात मारायला तबलजीला सांगा, आणि मीटरचा सर्वांत वरचा ठोका उणे १२ डेसिबलवर येईल असा नॉब फिरवा. मैफल रंगली की ते दोघेही त्यापेक्षा पाच-सहा डेसिबल वर जातातच.